पिवळा बल्ब

फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या खाचांत
यादगिरीचं इन्सुलिन उभं असतं.
खाली शफीकुलच्या मिरच्या,
आणि माझ्या मुतखड्याची बाटली, अर्धी.
डॉक्टर म्हणतो पाणी प्या.
पाणी प्यावं तर साइटवर मुतारी लांब,
आणि मधे जूनचं ऊन.

सोहारच्या मागे, फलज अल कबाइलला
सहा खाटा, एक खिडकी, एक खोकणारा एसी.
इथे कुणी आजारी पडत नाही.
पाठ धरते, गुडघा बोलतो, साखर चढते,
कंपनीच्या दवाखान्यात सगळ्यांना
एकच पांढरी गोळी.

मग आंब्र्यांचे डोळे पिवळे झाले.
आधी म्हटलं, ऊन.
मग म्हटलं, कावीळ, उतरेल.
लांज्याहून कुणी भुईआवळा सांगितला,
तो इथल्या वाळूत कुठला!
पोट फुगलं, पावलं फुगली,
चपलेचा अंगठा तुटला.
मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी
फिल्म उजेडासमोर धरली, बाजूला ठेवली,
आणि टेबलामागची खुर्ची ओढून
आमच्या शेजारी येऊन बसल्या.
त्या बसल्या, तेव्हाच कळलं.

विमानाला पत्र हवं, पत्राला तब्येत हवी.
तब्येत असती
तर माणूस घरी कशाला निघाला असता?

तोवर पाळ्या.
रात्री शफीकुल, तो तसाही झोपत नाही.
पहाटे यादगिरी, स्वतःला सुई टोचून झाली की
ओल्या कापडाने यांचे ओठ पुसतो.
सुपरवायझर सालिमने चाकाची खुर्ची आणली.
बापाची होती, म्हणाला,
आणि दारातूनच परत गेला.

दाढी माझ्याकडे.
मी लादीवाला. सिमेंटने फाटलेले हात.
दुसऱ्याचा गाल हातात धरणं
आईने कधी शिकवलं नव्हतं.
आत हाड आहे, हाडावर कागद,
आणि कागद म्हणतो, "मुबीन, सावकाश."

शुक्रवारी घरचा फोन. व्हिडिओ.
पाठीला तीन उश्या, निळा शर्ट,
पोटावर चादर, सलाइनचा हात चौकटीबाहेर.
डोळ्यांचं काय करायचं?
यादगिरीने ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला.
आता सगळेच पिवळे.
आम्ही मागे दाटीवाटीने बसलो, हसलो,
मासळी महाग झाली म्हणालो.

इंदूवहिनी बघत होत्या.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग विचारलं, "यांची दाढी कोण करतं?"
आंब्रे म्हणाले, मीच की.
"तुम्ही तीस वर्षं केलीत. मी बघितलीय.
डावा कल्ला बोटभर वर गेलाय.
ज्याने केली त्याला पुढे बोलवा."

आयुष्यभर लाद्या पाणसळीत बसवल्या मी.
बोटभर!
मान खाली घालून पुढे झालो.
त्या म्हणाल्या, "कुठे कापलं नाहीत, भावजी."
एवढंच.
मग पदराने नाक पुसून,
"आणि तो बल्ब काढा आता.
सगळे कशाला पिवळे होताय?
मला ह्यांना बघू दे."

यादगिरी स्टुलावर चढला.
बल्ब गरम होता, बनियनने धरून फिरवला.
क्षणभर खोलीत अंधार, फक्त फोनमधलं
लांज्याचं अंगण,
आणि त्या अंधारात आंब्रे काहीतरी बोलले.
मी ऐकलं. सांगणार नाही.
मग ट्यूब तडतडली, लागली.
वहिनींनी बघितलं.
नजर हटवली नाही.

फोन ठेवताना मला म्हणाल्या,
"तुमचाही खडा आहे म्हणे. पाणी पिता का?"
हो म्हणालो.
खोटं.

रविवारी साइटवर बाटली संपवली,
दुसरी भरून घेतली.
मुतारी लांब आहे.
गेलो.